न ऐकू आलेली लढाई

अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्धाला तोंड फुटले तेव्हा तारयंत्र आणि रेल्वे सेनापतींच्या दिमतीला आलेली होती. परंतु झाडी आणि दलदलीने दृष्टी अडवलेल्या रणभूमीवर, दूरच्या तुकडीने हल्ला चढवला की नाही हे जाणण्यासाठी त्यांना बहुधा कानांवरच विसंबावे लागे. तोफांचा गडगडाट ऐकू येताच दुसऱ्या तुकडीने पुढे सरकावे, अशा योजना आखताना अंतर वाढेल तसा आवाज सर्व दिशांना सारखाच क्षीण होत जातो, असे गृहीत धरलेले असे, आणि तेच चुकीचे होते.

३१ मे १८६२ रोजी व्हर्जिनियातील सेव्हन पाइन्स येथे दक्षिणेचा सेनापती जोसेफ जॉन्स्टन मुख्य चकमकीपासून जेमतेम चार किलोमीटरांवर असूनही, दुपारी एकच्या सुमारास सुरू झालेल्या लढाईचा आवाज नीट न पोहोचल्याने तिचे गांभीर्य त्याला चार वाजेपर्यंत कळले नाही. अर्थात सगळा दोष हवेच्या माथी मारणे योग्य नव्हे. त्याचे आदेश तोंडी होते आणि त्याचा सेनानी लाँगस्ट्रीट भलत्याच रस्त्याने गेला होता. त्याच संध्याकाळी जॉन्स्टन जखमी झाला आणि दुसऱ्या दिवशी सैन्याची सूत्रे रॉबर्ट ली याच्याकडे गेली.

अशा वेळी आवाज न पोहोचणाऱ्या पट्ट्याला ध्वनिछाया म्हणता येईल. जमिनीलगत वाऱ्याचा वेग कमी आणि उंचावर जास्त असतो. त्यामुळे वाऱ्याविरुद्ध जाणाऱ्या ध्वनितरंगाचा वरचा भाग खालच्या भागापेक्षा मागे पडतो आणि तरंग आकाशाकडे वळतो. या वळण्यालाच अपवर्तन म्हणतात. तापमानही हेच घडवून आणते, कारण हवा एक अंश सेल्सिअसने तापली की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो, आणि दुपारी जमिनीजवळची हवा वरच्या हवेहून उष्ण असल्याने आवाज वर उचलला जातो. यातील वाऱ्याचा परिणाम भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स याने १८५७ मध्येच, म्हणजे युद्धाच्या चार वर्षे आधी, मांडला होता. सेनापतींच्या शिक्षणात मात्र त्याला स्थान नव्हते.

मिसिसिपीतील आयुका येथे १९ सप्टेंबर १८६२ रोजी हे अज्ञान उत्तरेच्या सैन्याला भोवले. त्याचा सेनापती ग्रँट याच्या योजनेनुसार दक्षिण दिशेने येणारा सेनानी रोझक्रान्स याच्या तोफा ऐकून वायव्येकडील दुसरा सेनानी ऑर्ड याने चाल करायची होती. पण वारा उत्तरेकडून वाहत होता, ऑर्डला काहीच ऐकू आले नाही, आणि प्राइसचे दक्षिणी सैन्य रात्रीतून निसटले.

त्याआधी, २७ जूनला, व्हर्जिनियातील गेन्स मिलची लढाई खोऱ्यापलीकडून पाहणाऱ्यांना धूर आणि ज्वाळा स्पष्ट दिसत होत्या, पण आवाज येत नव्हता. पुढे धुक्यातील इशारा-भोंग्यांवर प्रयोग करणाऱ्या जॉन टिंडॉल याला त्यांच्यापैकी एकाने ही हकिकत पत्राने कळवली. टिंडॉलने मात्र त्याचे कारण अपवर्तनात नव्हे, तर हवेतील विषम थरांत शोधले.