जरा उजेडात नेऊन बघा!

शिरूरच्या पेठेतल्या एका कापडदुकानदारांनी मला साड्यांचे फोटो काढायला बोलावले, तेव्हा हे काम दोन दिवसांचे, असा माझा हिशेब होता. माणसांचे फोटो काढताना माणसे हलतात, डोळे मिटतात, मुले भोकाड पसरतात. साडी बिचारी घातल्या घडीनिशी पडून असते. तिचा फोटो काढण्यात अवघड ते काय? हा माझा गैरसमज दौंडच्या एका लग्नघराने दूर केला.

झाले असे. हे शेटजी हल्ली गिऱ्हाइकांना मोबाइलवर फोटो पाठवून साड्या विकतात. दौंडच्या एका घरी मुलीचे लग्न निघाले होते. न्हावरे-चौफुला करीत शिरूर गाठायचे म्हणजे दिवस मोडणार. म्हणून वधूच्या आईने फोटो बघूनच पैठणी पसंत केली. रंग वांगी, काठ हिरवे. फोटोत ती नुकत्या खुडलेल्या वांग्यासारखी तुकतुकीत दिसत होती. माझे मलाच कौतुक वाटले होते. साडी दौंडला पोचली आणि त्याच रात्री फोन आला : "शेटजी, आम्ही वांगी मागितली होती. तुम्ही आमसुली पाठवलीत!"

शेटजी शपथेवर सांगत होते, की हीच ती साडी. पलीकडून उत्तर आले, की मग फोटो खोटा. जुने गिऱ्हाईक, लग्नाची खरेदी, आणि वर फोटोवरून मॅचिंग म्हणून करवलीच्या परकर-पोलक्याचे कापडही घेऊन झालेले! शेटजी माझ्याकडे असे बघू लागले, जणू मी साडी रंगवूनच पाठवली होती. दुसऱ्या दिवशी मी निमूटपणे दौंडची वाट धरली.

दिवाणखान्यात दिव्याखाली साडी पसरली होती. खरोखरच आमसुली! मी ती उचलून ओसरीवर नेली. मागून येणाऱ्या वधूच्या आजी उंबऱ्यातच थबकल्या. "अगं बाई, ही तर वांगी झाली!"

आता यात जादू कसलीच नाही. कापड स्वतःचा रंग कुठून आणत नाही. पडलेल्या उजेडातला काही भाग ते गिळते आणि उरलेला परत करते. पिवळ्या बल्बच्या उजेडात तांबडा भाग सढळ आणि निळा तोकडा. मग कापडाने निळा परत करायचा कुठून? उजेडाची ही जात केल्व्हिनच्या आकड्यांत मोजतात. साधा पिवळा बल्ब सुमारे २,७०० चा, दुपारचे ऊन सुमारे ५,५०० चे आणि ढगाळ आभाळ ६,५०० च्या आसपास. त्यातून आमची पैठणी धूपछाव. ताणा तांबडा, बाणा निळा, आणि दोन्ही मिळून वांगी. पिवळ्या दिव्याखाली बाण्याचे निळे धागे मुके झाले आणि ताण्याचा तांबडा तेवढा बोलू लागला. मी फोटो काढला होता दुकानाच्या दाराशी, ढगाळ दुपारी.

कापडदुकानात आपल्या आया-मावश्या साडी हातात घेऊन दाराशी जातात, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. दुकानदारही स्वतःच म्हणतो, "ताई, जरा उजेडात नेऊन बघा!" तो काही नुसता शिष्टाचार नव्हे. ज्या भाषेत डाळिंबी, अंजिरी, गुलबक्षी, अबोली, मोरपंखी, चिंतामणी असे रंग आहेत, तिथल्या बायका नुसत्या 'जांभळ्या'वर कशा भागवतील?

नवे दिवे आले म्हणून प्रश्न सुटला असे मात्र नाही. निळ्या एलइडीच्या शोधाला २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पांढरा दिसणारा एलइडी म्हणजे बहुधा हाच निळा दिवा, वर पिवळसर लेप दिलेला. स्वस्त दिव्यात गडद तांबडा भाग अपुरा पडतो आणि कुंकवाच्या रंगाची साडी मलूल दिसते. काही खोक्यांवर 'सीआरआय' असा आकडा असतो. कापडाच्या फोटोसाठी तो नव्वदच्या वर असलेला बरा. पण तेवढ्यावरही भुलू नये. तो आकडा आठ फिकट रंगांवरून काढतात, गडद तांबड्याचा हिशेब त्यात धरतच नाहीत!

आणि कॅमेरा? तो तर भलताच समजूतदार. चौकटभर लाल शालू दिसला, की उजेडच तांबडा आहे असे समजून तो आपण होऊन लाली उतरवतो. म्हणून हल्ली मी प्रत्येक साडीशेजारी राखी रंगाचे पुठ्ठ्याचे कार्ड ठेवून एक फोटो घेतो आणि कॅमेऱ्याला सांगतो, "हा राखी. बाकीचे यावरून ठरव." आधी मी पांढरा रुमाल ठेवून पाहिला होता. धुण्याच्या पावडरीतली चमक आणणारी द्रव्ये उन्हात निळसर उजळतात, त्यामुळे कॅमेरा रुमालालाही फसतो. संक्रांतीच्या काळ्या साड्यांनी वेगळाच इंगा दाखवला. काही कृत्रिम धाग्यांचे काळे कापड डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण परत पाठवते. कॅमेऱ्याला ते थोडे दिसले, की काळ्याचे तपकिरी होते. २००६ साली आलेल्या लायका एम ८ या महागड्या कॅमेऱ्याची याच पायी शोभा झाली आणि कंपनीला गिऱ्हाइकांना फिल्टर फुकट वाटावे लागले. हे वाचून माझे पुष्कळच समाधान झाले.

आपले डोळे तरी कुठे निःपक्षपाती? २०१५ साली एका पोशाखाच्या फोटोवरून जगभर भांडणे झाली. कुणाला तो पांढरा-सोनेरी दिसे, कुणाला निळा-काळा. तो होता निळा-काळा. फोटोतला उजेड कोणता, हे ज्याच्या त्याच्या मेंदूने आपल्यापुरते ठरवून टाकले होते. त्याही आधी पॅरिसच्या गोबलँ कारखान्यातल्या काळ्या लोकरीबद्दल तक्रारी येत. १८२४ पासून तिथल्या रंगखात्याचे प्रमुख असलेल्या शेव्ह्रल यांना आढळले, की रंगाऱ्याचा दोष नाही. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा फिका भासतो. त्यांनी त्यावर १८३९ साली मोठा ग्रंथच लिहिला. गृहस्थ १०२ वर्षे जगले. गिऱ्हाइकांच्या तक्रारी माणसाला मानवतात म्हणायच्या!

असो. दौंडच्या ओसरीवर मी जिंकलो, असे मला वाटले. करवलीचे कापडही बाहेर आणले. ते पैठणीशी तंतोतंत जुळले. मी सामान आवरू लागलो, तेवढ्यात आजी म्हणाल्या, "फोटो खरा रे बाबा. पण लग्न गोरज मुहूर्तावर आहे. त्या वेळी तुझं ऊन कुठून आणायचं?"

मी खाली बसलो. तिन्हीसांजेला कार्यालयाच्या पिवळ्या झुंबरांखाली पैठणी आमसुली होणार आणि करवलीचे एकरंगी कापड जांभळेच राहणार. दिवसा जुळलेले दोन रंग रात्री फारकत घेतात, कारण त्यांच्या रंगाची घडण मुळातच निराळी असते. माझा फोटो खरा होता. फक्त ज्या वेळेसाठी साडी घेतली, त्या वेळेचा नव्हता.

संध्याकाळी आम्ही सगळे मंगल कार्यालयात गेलो. व्यवस्थापकांनी कुरकुरत दिवे लावले. एका दुकानातून विश्वासावर मागून आणलेले सात तुकडे एकेक करून पैठणीवर ठेवले. सहावा जुळला. दिवसाउजेडी तो विटकरीच दिसतो, हे मी सांगून टाकले. "दिवसा ती शाळेत असेल," आजी म्हणाल्या आणि तुकडा पिशवीत टाकला.

पैठणी परत आली नाही. तेव्हापासून शेटजी प्रत्येक साडीचे दोन फोटो पाठवतात : एक दाराशी, एक दिव्याखाली. आणि साडीची किंमत सांगण्याआधी विचारतात, "मुहूर्त किती वाजताचा?"