पाठ डुगडुगते कुठून?

जुन्या गाडीची सीट हलू लागली, की आधी बैठक दोन्ही हातांनी धरून हलवा. बूडच सरकलं तर रेलचे बोल्ट ढिले. नुसती पाठ डुलली तर दोष रिक्लायनरचा, म्हणजे पाठ कलती करणाऱ्या यंत्रणेचा. त्यात दातेरी पट्टी आणि तिच्यात अडकणारा खटका असतो, बऱ्याच गाड्यांत एकाच बाजूला. अनेकदा दात शाबूत असतात, पण सुकलेल्या ग्रीसमध्ये धूळ साचल्याने खटका पुरता बसत नाही. ब्रशने घासून नवं ग्रीस लावलं की भागतं. दात झिजून गोल झाले असतील तर मात्र अख्खा रिक्लायनरच बदला. वेल्डिंग नकोच, फोम पेटू शकतो. रिक्लायनरची गुंडाळीची स्प्रिंग ताणलेली असते, तिचा ताण उतरल्याशिवाय बोल्ट काढू नका. दुरुस्ती होईपर्यंत गाडी उभीच ठेवा: पाठ अचानक मागे कोसळली तर हात स्टिअरिंगवरून सुटतात.