व्हाउचरवाचून नोंद नाही

निवृत्तीनंतर रिकामा वेळ सत्कारणी लावावा म्हणून मी मराठी विकिपीडियाकडे वळलो. १ मे २००३ रोजी सुरू झालेला हा ज्ञानकोश. केतकरांच्या ज्ञानकोशाला किंवा वाईच्या मराठी विश्वकोशाला संपादक मंडळ होते. येथे लिहिणारे, तपासणारे आणि खोडणारे सारेच विनावेतन, आणि बहुधा एकमेकांना अपरिचित. माझी पहिली फजिती तेथेच झाली.

आमच्या पडघ्याविषयी मी दोन परिच्छेद लिहिले. मुंबई-नाशिक महामार्गावरील हे गाव आणि येथील बाजारपेठ माझ्या पायाखालची. पुरावा कशाला हवा? दुसऱ्या दिवशी पाहतो तो मजकूर गायब. ‘संदर्भ नाही’, एवढ्या दोन शब्दांत कोणा सदस्याने तो काढून टाकला होता. मी परत घातला, त्याने परत काढला. पुढच्या खेपेस मी त्याला उद्देशून जे लिहिले, ते या मासिकात छापण्याजोगे नाही. सौ. शांतपणे म्हणाली, “अहो, बँकेत कोणी व्हाउचरवाचून पैसे मागितले असते, तर तुम्ही दिले असते का?”

प्रश्न बिनतोड होता. आयुष्यभर मी जे इतरांना सांगितले, तेच तो सदस्य मला सांगत होता. मी त्या लेखाच्या ‘चर्चा’ पानावर गेलो, क्षमा मागितली आणि कोणता संदर्भ चालेल असे विचारले. उत्तर त्याच रात्री आले, तेही सौजन्याने. इंग्रजी विकिपीडियावर तर एकाच पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा अधिक वेळा दुसऱ्याचे बदल उलटवणाऱ्यास लिहिण्यापासून रोखले जाऊ शकते. आपली बाजू खरी असली तरीही. भांडण लेखात नव्हे, चर्चेत मिटवायचे, आणि आपल्या म्हणण्याखाली सही करायची.

व्यापारी मंडळींना या व्यवस्थेतील एक गोष्ट विशेष रुचेल. लेखाच्या ‘इतिहास’ पानावर प्रत्येक बदल वेळेसह नोंदलेला असतो. आपल्या खतावणीत चुकीची रक्कम खरवडून काढत नाहीत, उलट नोंद करतात, तसेच हे. त्यामुळे आपला मजकूर कोणी काढला तरी तो नष्ट होत नाही, आणि रागाच्या भरात लिहिलेले चार शब्दही सहसा नष्ट होत नाहीत! नवख्याने आधी ‘धूळपाटी’वर हात बसवावा, शुद्धलेखनाच्या लहान दुरुस्त्या कराव्यात, ओळख अशीच वाढते.

खरी कसोटी मात्र घरातून आली. माझ्या व्याह्यांनी आग्रह धरला की, त्यांच्या पेढीवर एक झकास लेख लिहावा. हवे तर मानधनही देऊ. नात्याला नकार देणे बँकेतल्या नकाराहून अवघड. मी सांगितले, “स्वतःच्या किंवा आप्तांच्या व्यवसायावर तेथे लिहू नये असा संकेत आहे, आणि पैसे घेऊन लिहिले तर ते उघड करणे बंधनकारक आहे. वृत्तपत्रांनी किंवा ग्रंथांनी आपण होऊन पेढीची दखल घेतली असेल, तर कोणी त्रयस्थ लिहील.” दोन महिने अबोला होता. आता बोलतात, त्या विषयावर नाही.

पडघ्याच्या माझ्या परिच्छेदांपैकी जनगणनेचा आधार मिळाला तेवढा भाग राहिला. जुन्या बाजारपेठेच्या आठवणी मात्र वगळाव्या लागल्या. त्या मी नातवासाठी एका लाल वहीत लिहीत आहे. सध्या साठावे पान चालू आहे.