दाखल्यावरचे टक्के आणि भरपाईचे टक्के

"ताई, सिव्हिलमधून तीस टक्के मिळालेत. म्हणजे क्लेमही तीस टक्क्यांचाच ना?"

मोटार अपघातांचे दावे चालवताना हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे, की पक्षकाराने अपंगत्वाच्या दाखल्याची घडी उलगडली की पुढचे वाक्य मला आधीच कळते. पक्षकाराचा राग येत नाही, त्याला कोणी नीट सांगितलेलेच नसते. राग येतो तो दवाखान्याच्या दारात भेटणाऱ्या एजंटांचा, आणि कधी कधी आमच्याच काळ्या कोटातल्या मंडळींचा. तेच हा हिशेब पसरवतात आणि माणसे हक्काचे लाखो रुपये सोडून तडजोडीवर सही करून मोकळी होतात.

गैरसमज : जेवढे टक्के अपंगत्व, तेवढेच टक्के भरपाई.

वस्तुस्थिती : दाखला शरीराचा असतो, भरपाई बुडालेल्या कमाईची. डॉक्टर हाड, सांधा आणि स्नायूंची ताकद मोजतात. तो माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या हाताने काय करायचा, हे दाखल्यावर कुठेच लिहिलेले नसते. शिवाय दाखला हातात आल्यावर आधी हे पाहा, की टक्के त्या एका अवयवाचे आहेत की सगळ्या शरीराचे. पायाचे ४५ टक्के म्हणजे शरीराचे ४५ टक्के नव्हेत.

हे माझे मत नाही. 'राजकुमार विरुद्ध अजयकुमार' या २०१०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पायऱ्या घालून दिल्या आहेत. जखमी माणसाला आता काय जमते आणि काय जमत नाही? अपघाताआधी त्याचे वय काय होते, काम काय होते? तेच काम, किंवा पोट भरेल असे दुसरे काम, तो करू शकतो का? निकालातले उदाहरण प्रत्येकाने लक्षात ठेवावे. डावा हात तुटला, अपंगत्व समजा ६० टक्के. तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर कमाई जवळजवळ शंभर टक्के गेली. सरकारी कारकून असेल आणि नोकरी टिकली असेल, तर कमाईपोटी कदाचित काहीच मिळणार नाही. जगण्यातले सुख हिरावले त्याचे पैसे मात्र मिळतील. म्हणजे हिशेब दोन्ही बाजूंनी बदलतो, आणि ते न्याय्यच आहे. २०१२च्या 'मोहन सोनी' निकालात हातगाडी ओढणाऱ्या माणसाचा पाय कापावा लागला होता. न्यायाधिकरणाने कमाईचे नुकसान ५० टक्के धरले होते, सर्वोच्च न्यायालयाने ते ९० टक्के केले.

आता आकडे मांडून पाहा. बत्तीस वर्षांचा सुतार, महिन्याची कमाई १५,००० रुपये, वर्षाची १,८०,०००. चाळिशीच्या आतल्या, स्वतःचा धंदा असलेल्या माणसाला पुढे वाढणाऱ्या कमाईपोटी ४० टक्के जास्त धरतात ('प्रणय सेठी', २०१७), झाले २,५२,०००. ३१ ते ३५ वयाला गुणक १६ ('सरला वर्मा', २००९), झाले ४०,३२,०००. याचे ३० टक्के १२,०९,६०० होतात. कमाईचे नुकसान ७० टक्के सिद्ध झाले तर २८,२२,४००. दाखला तोच, माणूस तोच, फरक सोळा लाखांहून जास्त. दवाखान्याचा खर्च आणि सोसलेल्या वेदनांचे पैसे याहून वेगळे.

असाच एक सुतार माझ्याकडे आला होता. पिशवीत एक्स-रेचे पाकीट होते आणि त्याखाली रंधा. मी त्याला टेबलावरच तो धरायला सांगितला. उजव्या हाताची मूठ अर्धी मिटली आणि थांबली. मग स्क्रू पिळून दाखव म्हटले, तर मनगट फिरेना. बिजागरी बसवायला तो सगळा खांदा वळवत होता. दाखल्यावर फक्त 'मनगटाची हालचाल मर्यादित' एवढेच लिहिले होते. त्या तीन शब्दांतून त्याचा धंदा कसा बसला, हे कोर्टापुढे उभे करणे हेच आमचे काम.

त्यासाठी नुसता दाखला जोडून भागत नाही. 'राजकुमार' निकाल स्पष्ट सांगतो, की उपचार करणाऱ्या किंवा तपासणाऱ्या डॉक्टरांची साक्ष झाली पाहिजे. डॉक्टरांना वेळ नसेल तर कमिशनमार्फत साक्ष घेता येते. "डॉक्टर येत नाहीत" म्हणून गप्प बसणारा वकील पक्षकाराचे नुकसान करतो. कामाचेही पुरावे हवेत : गिऱ्हाइकांचे जबाब, मालाची बिले, फोनवर जमा झालेल्या पैशांच्या नोंदी.

बाकीचे गैरसमज थोडक्यात

*ट्रिपल सीट होते, म्हणजे क्लेम गेला.* नाही. तिघे बसल्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली, हे दाखवावे लागते ('मोहम्मद सिद्दिक', २०२०).

*ड्रायव्हर फौजदारी खटल्यातून सुटला, आता काही मिळणार नाही.* दोन्हीकडे पुराव्याचा निकष वेगळा. क्लेममध्ये जे अधिक संभवनीय ते धरतात. गोव्यातल्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली हेच बजावले.

*अपघात जिथे झाला तिथेच खेटे घालावे लागतात.* मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(२) प्रमाणे तुम्ही राहता त्या भागातही दावा लावता येतो.

*धडकेनंतर पळालेली गाडी सापडली नाही, विषय संपला.* १ एप्रिल २०२२पासूनच्या योजनेत मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर जखमेसाठी पन्नास हजार रुपये आहेत.

*ती घरीच असायची, तिची कसली कमाई?* गृहिणीच्या कामाचे पैशातले मोल धरावेच लागते ('कीर्ती', २०२१).

*वकिलाने भरपाईत टक्केवारी घेणे हा नियमच आहे.* बार कौन्सिलच्या नियमांत त्याला मनाई आहे.

*क्लेम काय, कधीही लावता येतो.* दुरुस्त कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. प्लास्टर निघायची वाट पाहू नका.

आणि वकिलाकडे जाताना दाखला न्याच, पण रंधा, थापी, शिवणकामाची कात्री, जे तुमचे हत्यार असेल तेही पिशवीत घाला. ते तुमच्या हातात आता कसे बसते हे आधी तुमच्या वकिलाने पाहिले पाहिजे, तरच ते न्यायाधीशांना दिसेल.