मेंदूचा हुकूम, यंत्राचा हात

एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेत कॅथी हचिन्सन नावाच्या बाई कॉफी प्यायल्या. वय ५८. १९९६ साली मेंदूच्या देठाशी पक्षाघात होऊन त्यांचे हातपाय गेले होते, वाचाही गेली होती. समोर टेबलावर बाटली, बाजूला जर्मनीत तयार झालेला यंत्राचा हात. बाईंनी मनात आपला हात पुढे नेला आणि यंत्राचा हात पुढे सरकला. त्यानं बाटली धरली, उचलली, तोंडाशी आणून तिरकी केली. बाईंनी स्ट्रॉनं घोट घेतला आणि बाटली परत टेबलावर ठेवली. सहा वेळा प्रयत्न झाला, चार वेळा जमला. जवळजवळ पंधरा वर्षांनी त्या कुणाच्या हातून नव्हे, आपल्या मर्जीनं प्यायल्या. घोट घेऊन झाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू येतं, त्याची चित्रफीत आजही पाहायला मिळते. मी ती माझ्या पेशंटना आवर्जून दाखवते.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. मानेला मार लागून हातपाय गेलेल्या माणसांना जेवायला, दात घासायला, मोबाइल वापरायला पुन्हा शिकवायचं, हे माझं काम. कोकणातले पेशंट बरेचदा झाडावरून पडलेले असतात, आंबा किंवा नारळ काढताना. सोबत आलेली मंडळी पहिल्यांदा विचारतात, "मॅडम, हे चालतील ना?" पेशंटचा स्वतःचा प्रश्न मात्र पुष्कळदा नंतर येतो, घरचे चहाला बाहेर गेले की. "मॅडम, हाताचं काय?" नाकावर बसलेली माशी हाकलता येत नाही, हे दुःख घरच्यांच्या लक्षातही येत नाही. अमेरिकेत किम अँडरसन या संशोधिकेनं २००४ साली मणक्याला इजा झालेल्या ६८१ जणांची पाहणी प्रसिद्ध केली. हात आणि पाय दोन्ही गेलेल्यांपैकी जवळजवळ ४९ टक्के लोकांनी पहिली मागणी हातांची केली, चालण्याची नाही. म्हणून मला बाटली उचलणारा यंत्रहात कुठल्याही चालणाऱ्या रोबोपेक्षा मोठा वाटतो.

आता हे घडतं कसं ते पाहू. मणक्यातली मज्जारज्जू तुटली किंवा मेंदूचा देठ निकामी झाला, तरी हालचालीचे हुकूम देणारा मेंदूचा भाग बहुधा शाबूत असतो. हात उचलायचं मनात आलं की तिथल्या पेशी आजही विजेचे बारीक ठोके देतात, फक्त ते खाली हातापर्यंत पोचत नाहीत. १९८० च्या दशकात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्गोपोलोस यांनी माकडांच्या मेंदूवर एक सुंदर गोष्ट दाखवून दिली. हुकूम देणाऱ्या भागातल्या बहुतेक पेशींची स्वतःची अशी एक आवडती दिशा असते. हात त्या दिशेनं न्यायचा असला की पेशी जोरात ठोके देते, उलट दिशेला न्यायचा असला की मंदावते. अनेक पेशींचं एकत्र ऐकलं, तर हात कुठे जायला निघालाय हे ओळखता येतं.

हे ऐकण्यासाठी हचिन्सनबाईंच्या मेंदूच्या पृष्ठभागावर चार मिलिमीटर लांबरुंद अशी सिलिकॉनची चकती बसवली होती. तिला केसासारख्या बारीक सुया, त्यातल्या ९६ कामाच्या. कवटीवरच्या एका छोट्या खुंटीतून तार निघते आणि संगणकाला जाऊन मिळते. मग शिकवणी सुरू होते, आणि ती संगणकाची असते. यंत्राचा हात आपोआप हलतो, पेशंट तो पाहत आपणच तो हलवतोय अशी कल्पना करतो. कुठल्या कल्पनेला कुठली पेशी कशी बोलली, याची नोंद संगणक करतो. पुढे ठोके आले की तो उलट हिशेब मांडतो आणि यंत्राला वेग व दिशा सांगतो. सुया सूक्ष्म प्रमाणात सरकतात, भोवती व्रण धरतो, त्यामुळे ही जुळवणी वरचेवर नव्यानं करावी लागते.

एक गोष्ट बातम्यांत सहसा येत नाही. कॉफीच्या प्रयोगात बाई हात टेबलाच्या पातळीवर नेत होत्या आणि मूठ आवळण्याचा हुकूम देत होत्या. बाटली वर उचलणं, तिरकी करणं हे त्या हुकुमावर यंत्र ठरल्याप्रमाणे करत होतं. यात मला काही कमीपणा दिसत नाही. निरोगी माणूस तरी घोट घेताना मनगट किती अंश वळवायचं याचा विचार कुठे करतो? कधी, कुठे आणि किती हे माणसानं ठरवावं, बाकीचं यंत्रानं सांभाळावं. ही वाटणी मला योग्य वाटते.

कवटी न उघडता डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी घालूनही मेंदूचे विजेचे संदेश टिपता येतात. हान्स बर्गर यांनी जर्मनीत १९२४ सालीच माणसाच्या मेंदूचा असा आलेख काढला होता. पण हे म्हणजे मंगल कार्यालयाबाहेर उभं राहून आतलं ऐकणं. अक्षता पडल्या हे कळतं, कोण कुणाशी काय बोललं ते कळत नाही. पडद्यावरची अक्षरं निवडायला किंवा व्हीलचेअरला डावी-उजवी दिशा द्यायला टोपी पुरते. बाटली धरण्याइतका बारकावा तिच्यातून मिळणं फार कठीण.

मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो नेथन कोपलंड या तरुणाचा प्रयोग. २००४ मध्ये मोटार अपघातात त्याची मान मोडली. २०१५ मध्ये पिट्सबर्गला त्याच्या मेंदूत चार चकत्या बसवल्या. दोन हालचालीच्या भागात आणि दोन स्पर्शाच्या. यंत्राच्या बोटाला दाब लागला की स्पर्शाच्या भागात हलकी वीज सोडायची, म्हणजे त्याला तो दाब स्वतःच्या हातावर जाणवतो. डोळे बांधूनही कुठल्या बोटाला हात लावला हे त्यानं शंभरातल्या ८४ वेळा बरोबर सांगितलं. पुढे २०२१ मध्ये 'सायन्स'मध्ये आकडे आले. वस्तू उचलून दुसरीकडे ठेवण्याच्या कामाला त्याला साधारण २१ सेकंद लागायचे, स्पर्श मिळाल्यावर ते १० वर आले.

हे आकडे वाचून मला नवल वाटलं नाही. हातात थोडी ताकद आहे पण स्पर्श गेलाय, असा पेशंट पेला डोळ्यांनी धरतो. कुणी हाक मारली, नजर वळली, की पेला सुटतो. पेला गरम असला तर चटका बसल्याचं फोड आल्यावर कळतं. नुसता जोर देणारा हात अर्धाच हात असतो, हे मी रोज पाहते.

अडचणी थोड्या नाहीत. खुंटीपाशी जंतुसंसर्गाची टांगती तलवार असते. २०२४ मध्ये न्यूरालिंक कंपनीनं एका माणसाच्या मेंदूत १०२४ इलेक्ट्रोडचे ६४ धागे बसवले, त्यातले काही धागे थोड्याच आठवड्यांत मागे सरकले. ओहायोतल्या इयन बर्कहार्टला तर यंत्राचा हातही नको होता. त्याच्या मेंदूतले हुकूम थेट त्याच्याच हाताच्या स्नायूंना विजेनं पोचवले, आणि तो स्वतःच्या बोटांनी वस्तू उचलू लागला. हे २०१६ मध्ये 'नेचर'मध्ये आलं. पण ते फक्त प्रयोगशाळेत चालायचं, घरी आल्यावर हात पुन्हा निपचित. २०२१ मध्ये त्याच्या मेंदूतलं उपकरण काढून टाकलं. ही माणसं गिऱ्हाइकं नाहीत, स्वयंसेवक आहेत. स्वतःचा फायदा होईलच याची खात्री नसताना त्यांनी डोकं उघडू दिलं. अभ्यास संपल्यावर त्यांचं पुढे काय, हे आधी लिहून ठरलेलं असायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

आणि आता, ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांच्याशी थोडं. मेंदूतल्या उपकरणाच्या नावाखाली कुणी आगाऊ पैसे मागितले, तर देऊ नका. मेंदूच्या हुकमानं हात चालवणारी ही तंत्रं आपल्याकडे अजून संशोधनातच आहेत. आज हाताशी असलेला उपाय साधा आहे. तळहाताला बांधायचा एक पट्टा असतो, त्यात चमचा, ब्रश, पेन खोचता येतं. चामड्याचा किंवा वेल्क्रोचा असा पट्टा गावातला चांभारही बनवून देतो. मानेच्या सहाव्या मज्जातंतूपर्यंत ताकद शिल्लक असेल, तर मनगट वर उचललं की बोटं आपोआप मिटतात आणि हलकी वस्तू पकडता येते. ही पकड जपायला हवी. सांधे रोज हलवा, आखडू देऊ नका. बर्कहार्टसारखा उपाय उद्या आपल्याकडे आला, तरी आखडलेल्या हाताला त्याचा उपयोग होणार नाही. मात्र मनगट वर असताना बोटं ताणून सरळ करू नका, त्यांना मिटू द्या. बोटं सरळ करायची असतील, तेव्हा मनगट खाली वाकवून घ्या. मालिश करायला येणाऱ्या माणसालाही हे सांगून ठेवा.