घरातील यंत्रे कोणाशी बोलतात?

टीव्ही कोणी पाहत नसतानाही राउटरचा दिवा लुकलुकत राहतो. यातील बरीच ये-जा निरुपद्रवी असते: घड्याळ जुळविणे, नवे सॉफ्टवेअर शोधणे. मात्र मजकूर सांकेतिक असल्याने माहिती कुठे व किती गेली एवढेच घरमालकास कळू शकते. काय गेले ते कळत नाही.

ही शंका आम्हांस अनाठायी वाटत नाही. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीचे सुमारे १ कोटी १० लाख टीव्ही, पडद्यावर काय चालले आहे हे सेकंदागणिक कंपनीस कळवीत होते. २०१७ साली तिने २२ लाख डॉलर भरून खटला मिटविला. ही सोय मुळातच चालू असे आणि सेटिंगमध्ये तिचे वर्णन होते कार्यक्रम सुचविणारी! आपल्या टीव्हीतील अशी गोड नावे वाचकांनी एकदा उघडून पाहावीत आणि नको ती बंद करावीत.