छोट्या नौकेचा वारसा

नौदलाचा इतिहास म्हटला, की ‘विक्रांत’चे नाव प्रथम ओठांवर येते. ते स्वाभाविकच आहे. परंतु कोकणातल्या एका जुन्या बंदराचे नाव मिरविणारी, जेमतेम तीस मीटर लांबीची ‘पनवेल’ ही गस्ती नौका आपल्याला अपरिचित राहावी, हे खेदजनक होय.

‘पनवेल’ सोव्हिएत बांधणीची. पंबन, पुरी, पुलिकत आणि पणजी या तिच्या भगिनी. किनाऱ्यावर पहारा देणे हे त्यांचे काम. मात्र डिसेंबर १९७१ मध्ये ‘पनवेल’ मुक्तिवाहिनीच्या ‘पद्मा’ व ‘पलाश’ या नौकांसह पूर्व बंगालच्या नद्यांत शिरली. त्या दोन्ही नौका म्हणजे कलकत्ता बंदरातील जुनी जहाजेच. त्यांवर तोफा चढविलेल्या. मोहिमेचे नेतृत्व कमांडर मोहन नारायणराव सामंत यांचे होते, तर ‘पनवेल’ची सूत्रे लेफ्टनंट कमांडर नोरोन्हा यांच्या हाती होती.

१० डिसेंबरला मोंगला सर करून नौका खुलन्याकडे निघाल्या. तेथे आपल्याच विमानांनी त्यांना शत्रूच्या समजून मारा केला. ‘पद्मा’ व ‘पलाश’ गमावल्या गेल्या. ‘पलाश’वरील रुहुल अमीन यांना वीरमरण आले, बांगलादेशाने त्यांना ‘बीरश्रेष्ठ’ हा सर्वोच्च सन्मान दिला. ‘पनवेल’ बचावली आणि वाचलेल्यांचा आधार झाली. सामंत व नोरोन्हा या दोघांनाही महावीर चक्र लाभले.

पुढे मुंबईजवळच्या समुद्रात तेल सापडले. १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याने सुमारे वीस लाख चौरस किलोमीटरच्या क्षेत्राची जबाबदारी देशावर आली. तस्करीचा प्रश्न तर होताच. १ फेब्रुवारी १९७७ रोजी तटरक्षक दलाची हंगामी स्थापना झाली, तेव्हा त्याच्या ताफ्यात होत्या दोन जुन्या फ्रिगेट आणि या पाच गस्ती नौका! एवढ्या विशाल सागराला एवढेसे पहारेकरी. दलाचा कायदा झाला, तो १९७८ मध्ये.

आज दलाकडे दीडशेहून अधिक जहाजे आहेत. तथापि पहारेकऱ्याचे यश दिसत नाही, चूक तेवढी दिसते. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईने त्याचा दारुण अनुभव घेतला. म्हणूनच छोट्या नौकांचा इतिहास, खुलन्याच्या दुर्दैवी प्रमादासह, निर्भीडपणे लिहिला गेला पाहिजे. पराक्रमाने अभिमान वाढतो हे खरे. पण सावधपणा शिकवितात त्या चुकाच. पनवेलच्या शाळांतील किती मुलांना आपल्या गावाचे नाव घेऊन लढलेल्या या नौकेची कथा ठाऊक असेल?